आमचा घरगुती चित्रपट : एक परीक्षण

या चित्रपटाचे परीक्षण मलाच करावे लागतेय, कारण दुसरे कुणी तो शेवटपर्यंत बघत नाही. लांबी म्हणाल, तर सुपर-८ ची ५० फुटी फिल्म. जेमतेम ३ मिनिटे २० सेकंद! विषय, घरचा गणपती. त्यात निम्मा वेळ लेन्सपुढे बाबांचा अंगठा, ऐन आरतीत फ्यूज उडालेला, आणि काका फोटो समजून श्वास रोखून उभे!

फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'ही तसा घरचाच. रोहिदास त्यांचा मुलगा. फिल्म धुवायला आणि मंडळींना जेवू घालायला सरस्वतीबाई. पडद्यावर मात्र त्या नाहीत.

आमच्याकडे मोठा दिवा धरून आई उभी होती. सगळे तिच्याच उजेडात दिसतात. ती तेवढी कुठेच नाही. परीक्षकाची खरी तक्रार एवढीच.