कळ आणि आज्ञा : ‘लेस’ या मजकूरदर्शकाची चिकित्सा

मार्क न्यूडेलमन यांनी १९८० च्या दशकात लिहिलेला ‘लेस’ हा मजकूरदर्शक लिनक्सच्या टर्मिनलवर सर्रास आढळतो. पुढील ओळीसाठी ‘जे’, शोधासाठी तिरकी रेघ आणि बाहेर पडण्यासाठी ‘क्यू’ अशा कळा त्यात योजलेल्या आहेत. मात्र मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असताना याच कळांमधून अनुक्रमे ‘र’, ‘य’ व औकाराची मात्रा उमटते आणि आज्ञा निष्फळ ठरते. भारतीय मानक १३१९४ (१९९१) मध्ये समाविष्ट असलेला कळफलक वापरणाऱ्याला एक ओळ सरकविण्यासाठीही इंग्रजीकडे वळावे लागते.

‘लेसकी’ ही सोय यावर उपाय ठरते. कळ व आज्ञा यांची फारकत करणे हे तिचे खरे सामर्थ्य होय. ‘र’ या अक्षरासमोर ‘फॉर्व-लाइन’ या क्रियेचे नाव नोंदविले की काम भागते. २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत ही फाइल वेगळी संकलित करण्याचीही गरज उरलेली नाही.

तथापि, ‘लेस’चे साहाय्य-पान स्थिर असल्याने बदललेल्या कळा त्यात दिसत नाहीत. एकट्या वापरकर्त्यास हे खटकणार नाही. परंतु पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात, जेथे पाळीगणिक यंत्रापुढील माणूस बदलतो, तेथे एकाची सोय दुसऱ्याची अडचण ठरू शकते. म्हणून तेथील महाविद्यालयांनी प्रयोगशाळेतील सर्व संगणकांसाठी एकच सामाईक फाइल ठरवावी व तिचा मराठी तक्ता विद्यार्थ्यांसमोर लावावा, हे अगत्याचे आहे.