बॉनिंग्टनचे रुआंमधील रस्त्याचे शिळाचित्र : स्मारक की वापरातला रस्ता?

स्वच्छंदतावादी चित्रकलेची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तैलचित्रांवर स्थिरावते. शिळामुद्रित चित्रे पुस्तकांची सजावट मानून बाजूला ठेवली जातात. रिचर्ड पार्क्स बॉनिंग्टन (१८०२-१८२८) या अल्पायुषी इंग्रज चित्रकाराने १८२४ मध्ये केलेले, फ्रान्समधील रुआं शहराच्या ग्रो-ऑर्लोज रस्त्याचे शिळाचित्र या समजुतीला छेद देते.

बॅरन तेलर व शार्ल नोदिए यांच्या, १८२० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या प्राचीन फ्रान्सविषयक सचित्र ग्रंथमालेतील नॉर्मंडीच्या भागासाठी ते काढले गेले. राज्यक्रांतीनंतर मठ व वाडे पाडून त्यांचे दगड विकले जात होते. उरलेसुरले निदान चित्ररूपाने राखावे, ही मालेमागील प्रेरणा. साहजिकच तिच्यावर भग्नावशेषांविषयीच्या हळहळीची छाया आहे.

बॉनिंग्टन मात्र हळहळत नाही. रस्त्यावर आडवी पसरलेली सोळाव्या शतकातील कमान, तिच्यावरील एकाच काट्याचे प्रसिद्ध घड्याळ, शेजारचा घंटेचा मनोरा हे सारे त्याने मागे, फिकट करड्या छटांत ठेवले आहे. नजरेत प्रथम भरतात ती दोन्ही बाजूंची उंच जुनी घरे आणि त्यांच्या पायथ्याशी आपापल्या कामात असलेली माणसे. स्मारक येथे रस्त्याचा एक भाग होऊन राहते.

हे साधले ते माध्यमामुळेही. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने थेट रेखाटता येत असल्याने कोरीव ठशाची कठोर रेघ टळते आणि जलरंगात मुरलेल्या या हाताला हवेतील धूसरपणाही टिपता येतो. (शिळाछापाच्या पोथ्या हाताळलेल्या मराठी वाचकाला दगड परिचित आहे, त्याची ही करडी श्रीमंती कदाचित नाही.) म्हणूनच वास्तूचा काटेकोर दस्तऐवज म्हणून या चित्राकडे पाहणे अपुरे वाटते. नक्षीकाम त्याने मोजून मांडलेले नाही, सुचवले आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० व १९४४ मध्ये, जुन्या रुआंचा मोठा भाग नष्ट झाला. घड्याळाची कमान वाचली. त्यामुळे आता या चित्राला पुराव्याचे मोल देण्याचा मोह वाढतो. तो बाळगताना एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते : अशा दाट वस्तीतील ओल, अंधार आणि दारिद्र्य बॉनिंग्टनच्या मृदू प्रकाशात जवळजवळ विरघळून गेले आहे.