युद्धबंद्यांचे श्रम आणि मराठी समीक्षेची मापे

मराठीत बंदिवासाच्या वाङ्मयाचा विचार ‘माझी जन्मठेप’पासून सुरू होतो व बहुधा तेथेच थांबतो. अंदमानातील कोलू त्या ग्रंथात केवळ सक्तीचे काम राहत नाही; तो राजबंद्याच्या निश्चयाची कसोटी ठरतो. हेच माप युद्धबंद्याला लावले असता तोकडे पडते. त्याच्या कष्टांमागे स्वतः स्वीकारलेले ध्येय असेलच असे नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांची सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती पडली. त्यांत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. समारा येथून रास-अल-ऐनपर्यंत बंद्यांना पायी चालविण्यात आले आणि तेथे हिंदी शिपायांना बगदाद रेल्वेच्या कामास जुंपले गेले. या अनुभवाची विस्तृत साक्ष मिळते ती बंगालीत, शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्या ‘अभि ले बगदाद’ या पुस्तकात. शरणागतीच्या वेळी रोजनिशी फाडून तिचे तुकडे लेखकाने बुटात लपविले, त्यांवरून ती पुन्हा लिहिली, काही काळ जमिनीत पुरून ठेवली. पुस्तक निघाले ते सुमारे चाळीस वर्षांनी. यामुळे त्यातील तपशील प्रसंगाचा कोणता व स्मरणाचा कोणता, हा प्रश्न वाचकाने सतत जागा ठेवावा लागतो. आर्मेनियनांच्या संहाराच्या खुणा आणि रुग्णालयातील तुर्क सैनिकांशी घरादाराविषयी होणारी बोलणी या पुस्तकात शेजारी शेजारी येतात. शत्रू ही कल्पनाच तेथे सैल होते. हे त्याचे खरे सामर्थ्य होय.

तथापि हे पुस्तक ‘हिंदी शिपायाचा आवाज’ म्हणून वाचणे चूक आहे. सर्वाधिकारी बंगाली शुश्रूषापथकातील सुशिक्षित स्वयंसेवक होते. बंदिवासात त्यांच्या वाट्यास मुख्यतः रुग्णालयातील काम आले. रुळांसाठी माती वाहणारा शिपाई येथेही तृतीयपुरुषीच राहतो. त्याच्या मुखी तेजस्वी उद्गार घालून ही उणीव भरून काढणे हे कादंबरीकाराचे काम, संशोधकाचे नव्हे.

मौखिक वाङ्मयाकडे वळावे, असे यावर सुचविले जाईल. सूचना रास्त आहे, पण मार्ग सोपा नाही. येरमाळ्यास येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आराधी जी गाणी म्हणतात, ती गाताना बदलत जातात. जात्यावरील ओवीचेही तेच. अशा एखाद्या ओळीत उद्या बसरा वा बगदाद आढळले, तरी ते कुतच्या बंद्याचे की त्याच मोहिमेतून सुखरूप परतलेल्या दुसऱ्या एखाद्याचे, हे ती ओळ एकटी सांगू शकणार नाही.