'द व्हर्डिक्ट' : घरच्यांना विचारलं का?

गेल्या हिवाळ्यात बर्फामुळे दोन दिवस घरात अडकलो, तेव्हा 'द व्हर्डिक्ट' हा १९८२ सालचा सिनेमा पुन्हा पाहिला. इकडे एम.एस. करायला आलो होतो तेव्हा पहिल्यांदा पाहिला होता आणि शेवटी टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी हात वर झाले नाहीत. का, ते सांगतो.

आधी कथा. बॉस्टनच्या एका कॅथलिक हॉस्पिटलात बाळंतपणासाठी आलेल्या बाईला पूर्ण भूल दिली जाते. तिने तासाभरापूर्वीच जेवण केलेलं असतं. भुलेत उलटी होते, मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि ती कायमची कोमात जाते. तिच्या बहिणीने आणि बहिणीच्या नवऱ्याने नुकसानभरपाईसाठी केलेली केस फ्रँक गॅल्विन या दारूत बुडालेल्या वकिलाकडे असते. प्रतिपक्ष २ लाख १० हजार डॉलर्स देऊन प्रकरण मिटवायला तयार होतो. त्यातले एक तृतीयांश वकिलाचे. गॅल्विन ते नाकारतो आणि कोर्टात उभा राहतो.

पॉल न्यूमनने हा हरलेला माणूस फार सुंदर उभा केला आहे. सिडनी ल्यूमेटचं दिग्दर्शनही संयमी. अंधाऱ्या खोल्या, जुनं लाकूड, कुठे आरडाओरडा नाही. ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, पण बक्षीस एकही नाही. त्या वर्षी समोर 'गांधी' होता, त्यामुळे आपण भारतीयांनी तक्रार करू नये!

माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला सर्वांत भावला तो कागदाचा भाग. पेशंटने किती तासांपूर्वी खाल्लं, या रकान्यातला १ चा आकडा नंतर ९ करायला लावला जातो. सगळा खटला त्या एका आकड्यावर उभा आहे. दाखल करून घेणाऱ्या नर्सने मूळ फॉर्मची झेरॉक्स जपून ठेवलेली असते. वैद्यकीय निष्काळजीपणाची केस अश्रूंवर नाही, कागदावर उभी राहते, हे या सिनेमाने अचूक दाखवलं आहे.

पण माझी तक्रार पुढे आहे. तडजोड नाकारताना गॅल्विन त्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला विचारतसुद्धा नाही! त्या नवऱ्याला हे कळतं तेव्हा तो कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये गॅल्विनच्या अंगावर धावून जातो. डॉक्टर काय आणि वकील काय, चुका तुम्ही करता आणि जन्मभर त्या आम्ही निस्तरतो, असं त्याचं म्हणणं. सबंध सिनेमातला हा सर्वांत खरा प्रसंग. इथल्या नियमांनुसारही तडजोड करायची की नाही, हे अशिलाने ठरवायचं असतं. पण सिनेमा तो प्रसंग तिथेच सोडून देतो. शेवटी ज्यूरी विचारते, मागितल्यापेक्षा जास्त रक्कम देता येईल का? आपण खूश. रक्कम किती, ते मात्र सांगितलंच जात नाही. गॅल्विनचा उद्धार झाला. त्या घराचं पुढे काय, हा प्रश्न पटकथेला पडत नाही.

मला तो पडला, कारण गॅल्विनचं काम मी स्वतः केलेलं आहे.

२०१३ साली आमच्या गावाकडच्या एका हॉस्पिटलात, केसपेपरवर ॲलर्जी लिहिलेली असूनही बाबांना तेच इंजेक्शन दिलं गेलं. बाबा वाचले, पण अकरा दिवस आयसीयूत होते. एका कागदावर सही केली तर बिल माफ करायला हॉस्पिटल तयार होतं. मी इकडून धाकट्या भावाला फोनवर बजावलं, "सही करायची नाही. केस करायची." कायदा मी वाचून ठेवला होता. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पैसे मोजून उपचार घेणारा पेशंट ग्राहक ठरतो, केसपेपरच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हव्यात, तक्रारीची मुदत दोन वर्षं. सगळं पाठ! आईला विचारायचं तेवढं राहिलं.

तारखांना रजा काढून भाऊ जायचा. मी स्काइपवरून सल्ले द्यायचो. निकाल आमच्या बाजूने लागला, तेव्हा बाबांना जाऊन सात महिने झाले होते. आई म्हणाली, "मला तेव्हा त्यांना फक्त घरी न्यायचं होतं रे. पण तू इतका चिडला होतास, म्हटलं तुझ्या मनासारखं होऊ दे."

म्हणून लढूच नये असं मी म्हणत नाही. ओहायोच्या डॉ. कुणाल साहांची पत्नी १९९८ साली कोलकात्यातल्या उपचारांनंतर गेली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे ६ कोटी रुपये आणि वर व्याज अशी भरपाई दिली. त्या लढ्याने पुढच्या कितीतरी पेशंटांना बळ मिळालं. पण लढायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं, आणि पंधरा वर्षं सोसलंही स्वतःच. माझ्या लढाईत ठरवलं मी आणि सोसलं भावाने आणि आईने.

सिनेमा जरूर पाहा. मात्र तो कॉरिडॉरमधला प्रसंग आला की जरा थांबवा, आणि गावाकडे फोन करताना आपण कोणाच्या वतीने बोलतो, याचा विचार करा. मला तो फार उशिरा सुचला.