ध्वनिफितींची पाठचिकित्सा : ‘ग्रेटफुल डेड’च्या मैफलींची मुद्रणे

जुन्या ग्रंथांच्या संपादनात पाठनिश्चितीचे महत्त्व आता सर्वमान्य आहे. हस्तलिखितांची कुले ठरवावयाची, लेखनिकांचे प्रमाद वेगळे काढावयाचे, प्रक्षिप्त भाग बाजूस सारावयाचा, ही पद्धती अभ्यासकांच्या परिचयाची आहे. ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत मात्र असा विचार क्वचितच होतो. मुद्रण हे यंत्राने केलेले, म्हणून ते निर्दोष साक्षीदार, अशी समजूत त्यामागे असावी. अमेरिकेतील सायकेडेलिक रॉक संगीताच्या मैफलींच्या ज्या ध्वनिफिती रसिकांनी जमवल्या आणि दुरुस्त केल्या, त्यांच्याकडे पाहिल्यास ही समजूत टिकत नाही. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या फितींच्या आधारे प्रस्तुत लेखात एवढेच दाखवावयाचे आहे की, फीत दुरुस्त करणारा मनुष्य नकळत टीकाकाराचेही काम करीत असतो. यास्तव त्याने आपल्या कामाचा हिशेब देणे अगत्याचे आहे.

हा वाद्यवृंद १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात उदयास आला. त्याच्या संगीताचे मर्म उत्स्फूर्त विस्तारात आहे. ‘डार्क स्टार’ हे गीत १९६८ साली तबकडीवर निघाले, तेव्हा ते तीन मिनिटांहूनही लहान होते. तेच गीत २७ फेब्रुवारी १९६९ रोजी फिलमोर वेस्ट या सभागृहात तेवीस मिनिटांहून अधिक काळ चालले, आणि त्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या संचात प्रसिद्ध झाले. या दोहोंत मूळ कोणते आणि प्रत कोणती, हा प्रश्नच येथे गैरलागू ठरतो. प्रत्येक रात्रीचे वादन ही एक स्वतंत्र संहिता होय. ती लिहिलेली नसल्यामुळे ध्वनिफीत हाच तिचा एकमेव पुरावा उरतो.

अशा फितींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील फिती ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेल्या असतात. ऑस्ली स्टॅन्ली, जो एल.एस.डी.चा निर्माता म्हणूनही प्रसिद्ध होता, आपल्या कामाची तपासणी करता यावी म्हणून मैफली नियमाने मुद्रित करीत असे. पुढे बेटी कॅन्टर-जॅक्सन या ध्वनितज्ज्ञ स्त्रीने केलेली मुद्रणे विशेष नावाजली गेली. दुसऱ्या वर्गातील फिती श्रोत्यांनी मायक्रोफोन उभारून घेतलेल्या असतात. वाद्यवृंदाने या श्रोत्यांना विरोध केला नाही, उलट १९८४ साली त्यांच्यासाठी सभागृहात स्वतंत्र जागाच नेमून दिली. विक्रीसाठी चोरून छापलेल्या तबकड्यांचा व्यापार हा निराळा प्रकार असून, फितींची विनामूल्य देवघेव करणारे संग्राहक त्यापासून कटाक्षाने दूर राहत.

दोन्ही वर्गांचे गुणदोष परस्परविरुद्ध आहेत. यंत्रणेतून घेतलेल्या फितीत शब्द व सूर स्वच्छ येतात, परंतु सभागृह नाहीसे होते. शिवाय लहान सभागृहात रंगमंचावरून थेट ऐकू येणारे वाद्य यंत्रणेत कमी सोडलेले असते, म्हणून ते फितीत वस्तुस्थितीपेक्षा क्षीण भासते. श्रोत्याच्या फितीत सभागृह आणि समुदाय येतो, पण वाद्ये एकमेकांत मिसळतात. त्यात भर पडते ती प्रतीवरून प्रत काढण्याची. कॅसेटवरून कॅसेट उतरवताना प्रत्येक वेळी खरखर वाढते, उच्च स्वर मावळतात आणि यंत्रायंत्राच्या गतीतील फरकामुळे सूर चढतो किंवा उतरतो. लेखनिकांच्या प्रमादांशी याचे साम्य उघड आहे.

आता दुरुस्तीकडे वळू. तिच्या दोन जाती मानावयास हव्यात. पहिली पुराव्यावर उभी असते. अमेरिकेतील विजेची घरघर सेकंदास ६० आवर्तनांची असते. ती मुद्रणात ६२ आवर्तनांवर आढळली, तर फीत जलद चालत आहे हे निर्विवाद. मुद्रण करताना यंत्र फितीवर कानास न ऐकू येणारा एक अतिउच्च संकेत टाकते. त्याचे अवशेष शोधून गतीतील सूक्ष्म कंपही आज काढता येतात. ही खरी पाठशुद्धी होय. दुसरी जात अभिरुचीवर उभी असते. खरखर पुसताना झांजांची लोपत जाणारी आस पुसली जाते. मंद्र स्वर वाढवले की वादकांचे परस्परप्रमाण बदलते. यंत्रणेची आणि श्रोत्याची अशा दोन फिती मिसळल्या की त्या रात्री कोणीही न ऐकलेली तिसरीच मैफल तयार होते. असे मिश्रण श्रवणीय असू शकते, परंतु त्यास संमिश्र पाठ म्हणावे, मूळ पाठ म्हणू नये.

अधिकृत प्रकाशन अधिक विश्वसनीय असते, असेही नाही. ‘युरोप ’७२’ या त्रिखंडी संचासाठी गायनाचे बरेच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित करण्यात आले आणि श्रोत्यांचा आवाज बव्हंशी काढून टाकण्यात आला. संच सुंदर आहे; पण त्या दौऱ्यात प्रत्यक्ष काय घडले हे जाणू इच्छिणाऱ्यास, सदोष का होईना, संग्राहकाची फीतच अधिक उपयोगी पडते.

या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधील ८ मे १९७७ ची मैफल. बेटी कॅन्टर-जॅक्सन यांची अनेक मुद्रणे ज्या गोदामात होती, त्याचे भाडे थकल्यामुळे १९८६ साली त्यांचा लिलाव झाला. त्यांतून निघालेल्या सुस्पष्ट प्रती संग्राहकांत पसरल्या, आणि त्यांत कॉर्नेलची ही मैफल होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदीत तिचा समावेश केला. अधिकृत प्रकाशन २०१७ साली झाले. ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये होणारे संक्रमण तीत खरोखरच असामान्य आहे. तथापि त्या वसंत ऋतूतील इतर रात्रीही उच्च कोटीच्या होत्या. कॉर्नेलला जे अग्रस्थान मिळाले, ते वादनाच्या गुणास जितके, तितकेच निर्मळ प्रत सर्वत्र पोचली या योगायोगासही द्यावे लागते. जी फीत वाचली आणि स्वच्छ झाली, ती अभिजात ठरली. जी पाचव्या प्रतीच्या खरखरीत बुडाली, तिच्या वादनाचा विचारच झाला नाही.

श्रोत्यास आनंद हवा असतो, वंशावळ नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो सामान्य श्रोत्यापुरता ग्राह्यही आहे. परंतु मैफलींची तुलना करून कोणते वर्ष समृद्ध व कोणते क्षीण असे निर्णय जो देतो, त्यास हा आक्षेप लागू होत नाही. आपण वादनाची तुलना करीत आहोत की फितींची, हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

या बाबतीत संग्राहकांनी घालून दिलेला शिरस्ता अनुकरणीय आहे. मूळ यंत्र कोणते, मायक्रोफोन कोणता, मधल्या प्रती किती, संगणकावर कोणी उतरवले, याची टीप ते फितीसोबत देतात. ज्या संगणकीय स्वरूपात ध्वनीचा अंश गमावला जातो, ते देवघेवीसाठी वर्ज्य मानतात. उणीव एवढीच की, प्रतींचा इतिहास तपशिलाने देणारी ही टीप दुरुस्तीच्या बाबतीत पुष्कळदा एका शब्दावर थांबते. ‘सुधारित’ म्हणजे काय, गती किती बदलली, कोणता भाग कोणत्या फितीतून भरला, हे सांगितल्यावाचून तो पाठ चिकित्सक ठरत नाही. दुरुस्त प्रतीसोबत मूळ उतारा जसाच्या तसा राखून ठेवणे हीही तितकीच आवश्यक गोष्ट आहे. तो हाती असेल तरच पुढील अभ्यासकास आजच्या संपादकाचा निर्णय तपासता येईल आणि प्रसंगी फिरवताही येईल.