कापडगिरण्यांची स्थाननिश्चिती आणि डहाणूचा अपवाद

कापडगिरण्यांच्या स्थाननिश्चितीचे विवेचन आर्थिक भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ठरावीक यादीने उरकले जाते : कच्चा माल, दमट हवा, बंदर, लोहमार्ग, इंधन, मजूर, भांडवल आणि बाजारपेठ. मुंबईला ही यादी इतकी चपखल बसते की ती मुंबई पाहूनच तयार केली असावी, असा संशय यावा. ज्या उदाहरणावरून नियम काढला त्याच उदाहरणाने तो सिद्ध करणे, ही काही परीक्षा नव्हे. जेथे कारणे दिसतात परंतु गिरण्यांचे केंद्र उभे राहिले नाही, अशा स्थळी ती घ्यावी लागते. डहाणू रोड हे असे स्थळ होय.

मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये गिरणीची कंपनी स्थापिली. अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांची गिरणी 1861 मध्ये सुरू झाली. 1864 मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे मुंबईस येऊन पोहोचली आणि ही दोन्ही केंद्रे ज्या मार्गाने जोडली गेली त्याच मार्गावर डहाणू आहे. समुद्रकाठची दमट हवा तेथे आहे, खाडी आहे, आणि गुजरातचा कापूस तर दारावरूनच जात होता. डहाणूच्या परिसरात कापूस पिकत नाही हे खरे. पण तो मुंबई बेटावर तरी कोठे पिकत होता?

कच्च्या मालाच्या कारणाला वेबरच्या 1909 च्या सिद्धांतानेच मर्यादा घातली आहे. सरकी काढलेल्या रुईचे सूत होताना वजन फारसे घटत नाही. म्हणून गिरणीला कापसाच्या शेतापाशी ओढून नेण्याइतके बळ त्या मालात नसते. आर्द्रतेचे कारण तर त्याहून लवकर निकालात निघते. अहमदाबादची हवा कोरडी, नागपूरचीही कोरडीच. तरीही जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये नागपुरासच उभी राहिली व हवेतील ओलाव्याची उणीव यंत्राने भरून काढण्यात आली.

खरा प्रश्न मजुरांचा आहे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी येथेच सर्वांत दुबळी ठरतात. ‘मुबलक व स्वस्त मजूर’ एवढे म्हणून ती पुढे सरकतात. 1911 च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या जिल्ह्यास रेल्वे नव्हती. माणसे आगबोटीने येत. याउलट मुंबईपासून सुमारे 120 किलोमीटरवर, रेल्वेच्या काठी राहणारा डहाणू-तलासरीचा वारली गिरणगावात पोहोचला नाही. अंतराने या विसंगतीचा उलगडा होत नाही. दारिद्र्यानेही होत नाही, कारण दारिद्र्य दोन्हीकडे होते.

उलगडा कर्जाच्या प्रकारात सापडतो. रत्नागिरीच्या कुळाला खोताचे देणे फेडण्यासाठी रोकड लागे, आणि ती मुंबईत मिळे. म्हणून तेथील कर्जाने माणूस गावाबाहेर ढकलला. डहाणूकडील कर्ज श्रमाने फेडावयाचे असे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेणारा तरुण ‘लग्नगडी’ होई, आणि नवराबायको दोघेही त्या सावकाराच्या शेतावर बांधली जात. 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीत या पद्धतीची नोंद आहे. असा मजूर नकाशावर ‘उपलब्ध’ दिसतो. बाजारात तो नसतोच. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर व किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत झुगारली, तोवर मुंबईच्या गिरण्यांना नव्वद वर्षे होत आली होती.

भांडवलाची कथा याच्याशी निगडित आहे. डहाणूच्या सावकार-जमीनदारांपाशी पैसा नव्हता असे नाही. तो जमीन, जंगलातील लाकूड आणि गवत यांत गुंतलेला होता; रेल्वेने मुंबईकडे हाच माल जाई. पुढे वारल्यांच्या लढ्यात 500 पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये, ही मागणी अग्रभागी आली, यावरून त्या व्यापाराचे महत्त्व कळते. वेठीच्या श्रमावर नफा मिळत असता यंत्रात पैसा अडकविण्याचे सावकारास प्रयोजन नव्हते. मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी : त्याची पेढी, पत आणि परदेशी बाजाराची माहिती गिरणीच्या आधीच तयार होती.

विरळ वस्ती आणि व्यापारी शहराचा अभाव ही कारणेही पुढे करता येतील. ती खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत, हे जुन्या ठाणे जिल्ह्यातीलच भिवंडीवरून दिसते. तेथेही कापूस पिकत नाही. तरी उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती, त्यांचे अंगचे कसब आणि मुंबईच्या सूतबाजाराशी जडलेला संबंध यांच्या जोरावर ते यंत्रमागांचे मोठे केंद्र झाले. मजूर तेथे नुसता उपलब्ध नव्हता. तो आपले कसब आपण विकू शकत होता.

डहाणूपुरता हा प्रश्न आता निराळ्या भूमीवर गेला आहे. 1995 मध्ये तेथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले, म्हणजे यादीतील इंधनाची उणीवही भरून निघाली. पण त्याआधीच, 20 जून 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने तालुक्यातील उद्योगांची वर्गवारी करून त्यांना मिळावयाच्या एकूण जमिनीवर 500 एकरांची मर्यादा घातली होती. हे कारण पाठ्यपुस्तकांच्या यादीत अद्याप क्वचितच आढळते.