सामूहिक निर्मिती आणि कर्तृत्वाचा प्रश्न : सेगा कंपनीच्या ‘एएम २’ गटाचा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक :

कलाकृतीचा कर्ता कोण, हा समीक्षेचा जुना प्रश्न आहे. कविता वा कादंबरी यांच्या बाबतीत त्याचे उत्तर वरकरणी सोपे वाटते. चित्रपटासारख्या सामूहिक कलेत मात्र ते अवघड होते. १९५० च्या दशकात फ्रेंच समीक्षकांनी दिग्दर्शकाला लेखकाचे स्थान देऊन या प्रश्नाची एक उकल सुचविली. व्हिडिओ गेम या तुलनेने नव्या माध्यमाविषयीच्या लेखनाने बव्हंशी हीच उकल स्वीकारलेली दिसते. जपानमधील सेगा कंपनीच्या ‘एएम २’ या विकासगटाचा इतिहास याचे ठळक उदाहरण होय. ‘एएम’ म्हणजे अम्यूझमेंट मशीन. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठी, म्हणजेच आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम पार्लर’ म्हणून परिचित असलेल्या आर्केडसाठी, खेळ निर्माण करणारा हा गट. त्याचा इतिहास बहुधा यू सुझुकी या एका व्यक्तीचे चरित्र म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात या गटाच्या निवडक कृतींच्या आधारे ही चरित्रकेंद्री मांडणी तपासण्याचा आणि सामूहिक निर्मितीच्या समीक्षेसाठी काही दिशा सुचविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. गटाची जडणघडण आणि शरीरानुभवाचे सूत्र :

सुझुकी १९८३ साली प्रोग्रामर म्हणून सेगा कंपनीत दाखल झाले. १९८५ साली ‘हँग-ऑन’ हा मोटारसायकल शर्यतीचा खेळ आला. त्याच्या मोठ्या आवृत्तीत खेळाडू दुचाकीच्या प्रतिकृतीवर बसतो आणि वळण घेण्यासाठी स्वतःचे शरीर डावी-उजवीकडे झुकवतो. त्याच वर्षी आलेल्या ‘स्पेस हॅरिअर’मध्ये आणि १९८७ च्या ‘आफ्टर बर्नर’मध्ये खेळाडूची बैठकच यंत्राच्या साहाय्याने हलू लागली. शरीराला जाणवणारा अनुभव या अर्थी जपानीत अशा खेळांना ‘ताइकान’ ही संज्ञा रूढ झाली.

येथे पहिला मुद्दा उपस्थित होतो. ‘हँग-ऑन’चा आशय पडद्यावरील चित्रांपुरता मर्यादित नाही. झुकणारी दुचाकी, तिच्यातील यांत्रिक जोडणी, पडद्यावरील चित्र वेगाने लहान-मोठे करणारे सर्किट, इंजिनाचा आवाज आणि संगीत हे सारे मिळून ती कृती सिद्ध होते. म्हणजेच प्रोग्रामर, चित्रकार, संगीतकार यांच्याबरोबरच सांगाडा आणि सर्किट घडविणारे अभियंतेही कृतीच्या अर्थनिर्मितीत सहभागी आहेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९८२ साली ‘आर्ट वर्ल्ड्स’ या ग्रंथात कला ही सहकार्याने घडणारी सामूहिक कृती असल्याचे प्रतिपादन केले होते. आर्केड खेळांना ते विशेषत्वाने लागू पडते.

२. मर्यादांतून घडलेले रूप :

‘स्पेस हॅरिअर’ची जन्मकथा या दृष्टीने उद्बोधक आहे. या खेळाची मूळ कल्पना सुझुकी यांची नव्हती. लढाऊ विमानावर आधारित त्रिमितीय खेळाचा विस्तृत प्रस्ताव सेगातील एका अभिकल्पकाने मांडला होता, आणि या व्यक्तीचे ‘इडा’ एवढेच नाव इतिहासात उरले आहे. विमान सर्व कोनांतून दाखवावयाचे तर असंख्य चित्रे लागणार आणि तेवढी स्मृतिक्षमता यंत्रात नव्हती. म्हणून सुझुकी यांनी विमान काढून टाकले आणि त्या जागी उडणारा मनुष्य आणला; मनुष्याकृतीला चित्रे कमी लागतात. वास्तवदर्शी युद्धखेळाचे अशा रीतीने अद्भुतरम्य स्वप्नसृष्टीत रूपांतर झाले. कृतीचे वैशिष्ट्य म्हणून ज्या अद्भुताची प्रशंसा होते, ते एकाच्या प्रस्तावातून, दुसऱ्याच्या नकारातून आणि यंत्राच्या तोकडेपणातून उद्भवले आहे. त्याला कोणा एकाची प्रतिभा म्हणणे अपुरे ठरते.

१९८६ चा ‘आउट रन’ याहून गुंतागुंतीचा आहे. त्याची मूळ योजना अमेरिकेतील रस्त्यांची होती. पण तो भूप्रदेश फार विस्तीर्ण आणि मोकळा वाटल्याने सुझुकी यांनी युरोपात मोटारीने प्रवास करून दृश्ये निवडली. चार प्रोग्रामर, पाच चित्र-अभिकल्पक आणि एक ध्वनिनिर्माता एवढ्या मनुष्यबळावर सुमारे दहा महिन्यांत हा खेळ पूर्ण झाला. नियोजनाचा आणि प्रोग्रामिंगचा मोठा भाग सुझुकी यांनी स्वतः पेलला, हे येथे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. तथापि खेळाचे रूप पाहता अन्य हातांचा ठसा पुसता येत नाही. खेळाडू प्रारंभी गाडीच्या रेडिओवर तीनपैकी एक धून निवडतो. या धुना हिरोशी कावागुची यांच्या. ते मुळात प्रोग्रामर म्हणून सेगात आले होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो. एका फेरीत पाच टप्पे ओलांडता येतात, परंतु एकूण टप्पे पंधरा असून शेवटही पाच आहेत. शर्यतीचा खेळ असूनही प्रतिस्पर्ध्यांना हरवणे हे येथे प्रयोजन नाही. प्रवासाचा आनंद हेच प्रयोजन आहे, आणि हा भाव प्रामुख्याने संगीतानेच घडविला आहे.

या आनंदाला काळाची चौकट आहे. वेळ संपला की प्रवास संपतो आणि यंत्र पुढच्या नाण्याची वाट पाहते. आर्केडचे अर्थकारणच खेळाची लांबी ठरविते. दुभंगणारा रस्ता हे या सक्तीला गटाने दिलेले सर्जनशील उत्तर आहे, कारण काही मिनिटांच्या अनुभवाला पुन्हा खेळून पाहण्याजोगी विविधता त्यामुळे लाभते.

३. बहुभुजांचे युग आणि गटाची पांगापांग :

१९९२ च्या ‘व्हर्च्युआ रेसिंग’पासून गटाने सपाट चित्रे सोडून बहुभुजांनी बनलेल्या त्रिमितीय आकृती स्वीकारल्या. १९९३ च्या ‘व्हर्च्युआ फायटर’मधील योद्ध्यांच्या अंगावर पोत नाही, कारण ‘मॉडेल १’ या यंत्रात ती सोय नव्हती. परंतु हालचालीतील वजन आणि तोल यांमुळे त्या आकृती सजीव वाटतात. मारा, लाथ आणि बचाव अशी तीनच बटणे ठेवून आणि जादुई अस्त्रे टाळून या खेळाने द्वंद्वाला संयत रूप दिले. १९९४ साली सर्वत्र पोहोचलेल्या ‘डेटोना यूएसए’साठीचे ‘मॉडेल २’ यंत्र अमेरिकेतील संरक्षणक्षेत्राच्या तंत्रज्ञानाचे साहाय्य घेऊन तयार झाले. युद्धसरावासाठी विकसित झालेले प्रतिमातंत्र अशा प्रकारे करमणुकीच्या यंत्रात आले.

‘डेटोना यूएसए’चे दिग्दर्शन तोशिहिरो नागोशी यांनी केले, तर ताकेनोबु मित्सुयोशी यांनी त्याचे संगीत रचून ते स्वतः गायलेही. एकाच गटाच्या दोन कृती इतक्या भिन्न स्वभावाच्या असाव्यात, ही गोष्ट एककर्तृक मांडणीला छेद देणारी आहे. गटातून बाहेर पडलेल्यांचा प्रवासही हेच दर्शवितो. ‘व्हर्च्युआ फायटर’च्या निर्मितीत महत्त्वाचा वाटा असलेले सेइइची इशिई नामको कंपनीत गेले आणि १९९४ साली ‘टेक्केन’ आला. नागोशी यांनी पुढे सेगातच २००५ साली ‘रिऊ गा गोतोकु’ या मालिकेचा प्रारंभ केला. गटात मुरलेले ज्ञान एका नावापाशी साठून राहिले नाही. माणसांबरोबर ते अन्यत्र गेले आणि तेथे नव्याने रुजले.

४. अनामिकता : सिद्धान्त आणि व्यवहार :

येथवरच्या विवेचनावरून कर्त्याची संकल्पनाच त्याज्य ठरवावी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती साहित्यसमीक्षेला मुक्त करणारी ठरली. पण आर्केड उद्योगाच्या संदर्भात तिचा परिणाम उलटा होतो, आणि हीच या लेखाची मुख्य धारणा आहे. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांमध्ये निर्मात्यांची खरी नावे खेळात न देण्याची वा टोपणनावे वापरण्याची प्रथा व्यापक होती. कावागुची यांची ओळखही ‘हिरो’ या लघुनामाने झाली. अशा उद्योगात कर्त्याला नाकारणारी समीक्षा कंपनीच्या धोरणालाच तात्त्विक अधिष्ठान मिळवून देते. उलट, सारे श्रेय एका प्रसिद्ध नावाला देणारी समीक्षा उरलेल्यांना दुसऱ्यांदा अनामिक करते. इडा यांच्यासारख्या व्यक्तीच्या दृष्टीने दोन्ही भूमिकांचे फलित एकच आहे.

५. ‘शेनमू’ : संग्रहालय आणि श्रेयनामावली :

डिसेंबर १९९९ मध्ये ‘शेनमू’ प्रसिद्ध झाला. घरगुती ड्रीमकास्ट यंत्रासाठी एएम २ ने रचलेल्या या खेळावर सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाल्याचे सुझुकी यांनी २०११ साली सांगितले. १९८६ मधील योकोसुका शहरात घडणाऱ्या या कथेत नायक एका गेम पार्लरमध्ये जाऊ शकतो आणि तेथे ‘हँग-ऑन’ व ‘स्पेस हॅरिअर’ प्रत्यक्ष खेळू शकतो. गटाने आपला भूतकाळ आपल्याच कृतीत असा जतन केला. मात्र झुकणारी दुचाकी आणि हलणारी बैठक तेथे नाहीत. उरला आहे तो पडदा. शरीरानुभव घडविणाऱ्या कारागिरांचे काम जतनाच्या प्रक्रियेत सर्वांत आधी गळून पडते, हे यातून लक्षात येते. खेळाच्या अखेरची दीर्घ श्रेयनामावली मात्र आर्केडकाळातील मौनाची काहीशी भरपाई करते.

सुझुकी २०११ साली सेगातून बाहेर पडले. ‘शेनमू ३’ त्यांनी लोकवर्गणीच्या साहाय्याने २०१९ साली स्वतंत्रपणे पूर्ण केला. दुसरीकडे २०२१ साली ‘व्हर्च्युआ फायटर ५’ची नूतन आवृत्ती एएम २ च्या सहभागाने प्रसिद्ध झाली. नाव आणि गट एकमेकांपासून विलग होऊनही दोहोंचे कार्य चालू राहिले.

समारोप :

एएम २ चा इतिहास सामूहिक कलेच्या समीक्षेपुढे एक निश्चित कार्य ठेवतो. कर्ता एक की अनेक, एवढ्यावर न थांबता कृतीतील कोणता गुण कोणत्या भूमिकेतून, कोणत्या मर्यादेमुळे आणि कोणत्या निर्णयातून आला, याचा शोध समीक्षेने घ्यावयास हवा. अशा भूमिकानिहाय वाचनात सुझुकी यांचे महत्त्व कमी होत नाही. प्रस्ताव नाकारणारा, विमानाच्या जागी माणूस आणणारा आणि इतरांच्या कौशल्याला एका सूत्रात ओवणारा नेता म्हणून ते अधिक नेमकेपणाने कळते. त्याचबरोबर संगीतकार, चित्रकार आणि यंत्राचा सांगाडा घडविणारे अभियंते हेही समीक्षेच्या कक्षेत येतात. सेगाच्या मूळ समूहाने आपला जपानमधील आर्केड-केंद्रांचा व्यवसाय २०२० साली हस्तांतरित करण्यास प्रारंभ केला. मूळ यंत्रे ज्या जागांत उभी होती, त्या जागाच विरळ होत असताना ही नोंद करण्याचे दायित्व अधिक तातडीचे झाले आहे.